साध्या भाषेतली तार

आमच्या बाईंना नुसतं ‘बरं आहे’ सांगून कुणी सुटल्याचं मला आठवत नाही. सकाळी तार ऑफिसात पाय ठेवला की त्या विचारायच्या, “कशी आहेस?” आपण सवयीनं “बरी आहे” म्हटलं की हातातली पेन्सिल अंबाड्यात खोचून त्या आपल्याकडे वळायच्या. “बरी म्हणजे काय? झोप लागली? पोटात काही गेलंय? घरी भांडण झालं?” पहिल्या आठवड्यात मला वाटलं, या बाईला लोकांच्या घरात डोकवायची खोड आहे. मग एक दिवस आमचे तारमास्तर त्यांच्यासमोर उभे राहून आपल्या पित्ताची हकीगत इमानेइतबारे सांगताना दिसले, आणि माझी खात्री पटली की यातून साहेबसुद्धा सुटत नाहीत.

ही सत्तरच्या दशकातली गोष्ट. मी माढ्याकडची, सोलापूरच्या तार ऑफिसात नवीन लागले होते. बाई तेव्हा पन्नाशीला आलेल्या. लग्न केलेलं नव्हतं आणि का केलं नाही हे विचारायची कुणाची छाती नव्हती. मनगटावर पुरुषी घड्याळ, बाराही महिने काळी छत्री, आणि डब्यात काही गोड असेल तर ते आधी खायचं. “शेवटी पोट भरल्यावर गोडाचा अपमान कशाला?” असं त्यांचं म्हणणं. त्या विणकरांच्या घरातल्या होत्या. घरी तेलुगू, काउंटरवर मराठी, आणि यंत्रावर तारेची कट्टकट्ट. एखादी गोष्ट आपल्याला कळली की नाही हे ओळखायची त्यांची खूण ठरलेली होती. “जे मला माझ्या आईला तेलुगूत सांगता येत नाही, ते मला कळलेलंच नसतं,” असं त्या म्हणायच्या. त्यांची आई शाळेत गेलेली नव्हती आणि कानानं अधू होती, त्यामुळे ही परीक्षा तशी अवघडच होती.

तारेचे पैसे शब्दांवर असायचे, पण बाई लोकांचे शब्द कापायच्या ते पैसे वाचवायला नव्हे. सजवलेलं बोलणं त्यांना सोसायचं नाही. एकदा मंद्रूपचा एक माणूस आला. कुणाकडून तरी लिहून आणलेला कागद त्यानं पुढे केला. त्यात ईश्वरकृपा होती, कुळ होतं, रत्न होतं, शुभागमन होतं. बाईंनी कागद वाचला आणि विचारलं, “मुलगा की मुलगी?”

“मुलगी हाय की.”

“आणि बाळंतीण?”

“बरी हाय. म्हंजे, पयल्या दिवशी लई तरास झाला, आता उटून बसती.”

“मग तेच लिहा. तिच्या आईचा जीव तिकडे टांगणीला लागलाय, तिला तुमचं रत्न नको आहे.” आणि बाईंनी स्वतः लिहिलं, मुलगी झाली, दोघी ठीक, बाळंतीण उठून बसते. तो माणूस जाताना मला म्हणाला, “बाई खडूस हाय, पन बेस लिवलं.”

पण एका तऱ्हेच्या तारेतल्या शब्दांना त्या कधी हात लावायच्या नाहीत. घरात माणूस गेलेला असायचा आणि लोक लिहायचे, ‘वडील सीरियस, ताबडतोब निघा.’ लिहिणाऱ्याचे डोळे बघूनच कळायचं. मी एकदा बाईंना म्हटलं, “ही तर सरळ खोटी तार. ही कशी चालते तुम्हाला?” त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. मग म्हणाल्या, “तो पोरगा एकटा गाडीत बसून रात्रभर प्रवास करणार. त्याला घरी पोहोचेपर्यंत सांभाळायला हे शब्द आहेत. शब्द कुणासाठी आहे ते बघायचं असतं, अगं.” बाईंचा मोठेपणा मला त्या दिवशी पहिल्यांदा जाणवला.

त्यांचा खरा दात होता तो शुभेच्छांच्या तारांवर. तेव्हा अशा तारांची वाक्यं सरकारनं ठरवूनच ठेवली होती आणि प्रत्येक वाक्याला नंबर होता. लग्नासाठी आठ नंबर मागितला की आम्ही तारेवर फक्त आठ आकडा पाठवायचो आणि पलीकडचा कारकून ठरलेलं वाक्य लिहून घ्यायचा. लग्नसराईत शेकडो लोक यायचे आणि काउंटरवर नुसतं “आठ नंबर” म्हणायचे. बाई मुकाट्यानं पाठवायच्या, पण चेहरा कडू औषध घेतल्यासारखा. कुणी अधिकारी येऊन कर्तव्य, निष्ठा, जनसेवा असं भाषण ठोकू लागला की त्या माझ्या कानाशी म्हणायच्या, “हा नंबरानं बोलतोय. याला आत वाक्य नाही, नुसता आकडा आहे.”

आता माझ्या बहिणीचं सांगते, कारण बाई मला आठवतात त्या तिच्यामुळेच.

वडील गेल्यावर आई, मी आणि माझी धाकटी बहीण सोलापुरात दोन खोल्यांत राहायला आलो. बहीण कॉलेजात दुसऱ्या वर्षाला. वडिलांची लाडकी होती, त्यामुळे ती गप्प गप्प झाली होती. मी नोकरीत, आई तिच्या दुःखात. बहिणीकडे बघायला कुणाला सवड नव्हती. तिच्या वर्गातली एक मुलगी तिला एका पंथाच्या बैठकीला घेऊन गेली. त्या पंथाचं नाव मी लिहीत नाही, आमच्या घरी आम्ही त्यांना ‘मंडळी’ म्हणायचो. त्यांच्या प्रमुखाला ते ‘थोरले’ म्हणत. सुरुवातीला मंडळी फार मायेनं वागली, हे मान्य करायला हवं. तिला कुणीतरी शेजारी बसवून घेतलं, जेवलीस का विचारलं, वडिलांबद्दल बोलू दिलं. ती घरी येऊन पुन्हा हसायला लागली तेव्हा आईनं देवापुढे साखर ठेवली.

मग सहा-आठ महिन्यांत तिचं बोलणं बदललं. आधी माझ्या लक्षातच आलं नाही, कारण शब्द सगळे आपलेच होते. आईनं विचारलं, “परीक्षेचा फारम भरला का गं?” तर ती गोड हसून म्हणाली, “आई, ही धूळ आहे.” आईनं आधी जमिनीकडे बघितलं. नंतर कळलं की मंडळींत प्रश्न विचारणं, शंका येणं, काळजी वाटणं, या सगळ्याला धूळ म्हणतात, आणि धूळ झटकायची असते. तिला आठ दिवस ताप होता, डॉक्टरकडे चल म्हटलं तर म्हणाली, “निचरा होतोय.” जे मंडळींत नव्हते ते सगळे झोपलेले. आणि कुठलाही विषय थोडा अडचणीचा झाला की ती डोळे खाली वळवून म्हणायची, “सगळं थोरल्यांच्या ओंजळीत.” हे वाक्य आलं की बोलणं खलास. त्यापुढे आपण काही म्हटलं तर ते भिंतीशी बोलल्यासारखं व्हायचं. माझी बहीण पूर्वी बडबडी होती, एका वाक्यात तीनदा ‘मला वाटतं’ म्हणणारी. ते ‘मला वाटतं’ तिच्या तोंडून कधी नाहीसं झालं ते मला सांगता येणार नाही.

परीक्षा तिनं दिली नाही.

मी हे बाईंना सांगितलं, कारण त्यांना ‘बरं आहे’ चालत नव्हतं. त्यांनी एकेक शब्द विचारून घेतला आणि म्हणाल्या, “अगं, ही नंबरानं बोलायला लागली. आणि तिला ते माहीत नाही. रविवारी मी जेवायला येते.”

तो रविवार फसला. बाईंची बुद्धी तल्लख, पण माणसाशी हळुवार बोलायचं त्यांच्या अंगात नव्हतं. त्यांनी मंडळींच्या वाक्यांना मनातल्या मनात नंबर देऊन टाकले होते. आईनं भाकरी आणि शेंगाची चटणी वाढली. बाईंनी बहिणीला विचारलं, “पुढे काय करायचं ठरवलंयस?” ती म्हणाली, “सगळं थोरल्यांच्या ओंजळीत.” बाई शांतपणे म्हणाल्या, “चार नंबर.” आई विचारायला लागली तेव्हा बहीण म्हणाली, “आई, धूळ नको.” बाई म्हणाल्या, “दोन नंबर.” मला हसू फुटलं, आईलाही फुटलं. बहीण ताटावरून उठली, चप्पल घातली आणि तिच्या सोबतिणीकडे निघून गेली. सोबतीण म्हणजे मंडळींनी प्रत्येक नव्या मुलीला नेमून दिलेली वयानं मोठी बाई, जी सतत बरोबर असते. बहीण तीन दिवस घरी आली नाही. बाई छत्री घेऊन निघताना दारात थांबल्या. “चुकलं माझं,” म्हणाल्या. “ज्याला आपण हसतो तो बाहेर येत नाही, आणखी आत जातो.” बाईंच्या तोंडून ‘चुकलं’ हा शब्द मी तेवढा एकदाच ऐकला.

थोड्या दिवसांनी बहिणीनं घरात जाहीर केलं की येत्या गुरुवारी ती मुक्कामाला जाणार. मुक्काम म्हणजे मंद्रूपच्याही पुढे मंडळींचं शेत होतं, तिथे. तिच्या तोंडी एक नवं वाक्य होतं, “मागचं दार बंद करायचं.” ते काय असतं विचारलं तर म्हणाली, “ते शब्दांच्या पलीकडचं आहे.” गुरुवारी मंडळी आमच्या घरी येणार, सगळ्यांसमोर आईनं “आनंद आहे” एवढंच म्हणायचं, आणि मग ती त्यांच्याबरोबर निघणार. आईला वाटत होतं, पोरगी दिवाळीला येईल. मला तसं वाटत नव्हतं. आमच्या मागच्या गल्लीतला एक मुलगा दोन वर्षांपूर्वी मुक्कामाला गेला होता, तो बापाच्या मयतीलाही आला नव्हता. मी आईला हे सांगितलं तर ती म्हणाली, “त्याचं राहू दे. माजी पोरगी तसं करायची न्हाय.” आणि चुलीपाशी बसून “आनंद हाय” म्हणायची तालीम करायला लागली. ते ऐकून मला घरात बसवेना.

मंगळवारी दुपारी बहीण आणि तिची सोबतीण तार ऑफिसात आल्या. आमचा मामा कुर्डुवाडीला रेल्वेत होता, वडिलांमागे घरातलं थोरलं माणूस तोच. मुक्कामाला जाणाऱ्यानं घरच्या वडीलधाऱ्याला स्वतःच्या हातानं कळवायचं असा मंडळींचा रिवाज होता, म्हणजे पुढे कुणी पळवून नेली असं म्हणायला नको. मी आतल्या टेबलावर यंत्रापाशी होते. बहिणीनं माझ्याकडे बघितलंही नाही. तिनं तारेचा कागद भरून बाईंपुढे सरकवला. ‘मागचे दार बंद. मुक्कामी जाते. आनंद आहे.’

मला वाटलं, आता बाई नंबर पुकारणार. पण त्यांनी पेन्सिल अंबाड्यातून काढली आणि अगदी सरकारी आवाजात म्हणाल्या, “ही सांकेतिक भाषा आहे.”

तसा नियम खरंच होता, पण तो कापसाच्या आणि भुसाराच्या व्यापाऱ्यांसाठी. ते गुप्त शब्द वापरून भाव कळवायचे, त्या तारांची रीत वेगळी होती. बाईंनी तो नियम त्या दिवशी ओढूनताणून पंथाला लावला.

सोबतीण मृदू आवाजात म्हणाली, “बाई, हे शब्दांच्या पलीकडचं आहे.”

“शब्दांच्या पलीकडचं तारेनं जात नाही,” बाई म्हणाल्या. “पोस्टानंही जात नाही. साध्या भाषेत लिहा. आणि तार कुणाची आहे? हिची ना? मग हिला बोलू द्या.” नवा कागद त्यांनी बहिणीपुढे ठेवला. आवाजात चेष्टा नव्हती, रागही नव्हता. “मामांना कळेल असं लिही. ते रेल्वेत आहेत, पहिला प्रश्न विचारतील, जाते ती कुठे आणि परत कधी.”

बहिणीनं लिहिलं. मी उठून बाईंच्या मागे येऊन उभी राहिले होते. ‘मी मंद्रूपजवळ मंडळींच्या शेतावर राहायला जाते.’

“परत कधी?”

पेन्सिल थांबली. मग लिहिलं, ‘परत येणार नाही.’

“दिवाळीला?”

तिनं मान हलवली.

“आईला भेटायला?”

मागे रांग लागली होती. डोक्याला पटका बांधलेला एक म्हातारा काउंटरवर हात टेकून म्हणाला, “पोरी, काय हाय ते लिव की. मला बी नातवाला तार करायची हाय.” सोबतीण बहिणीच्या कानाशी वाकून म्हणाली, “सगळं थोरल्यांच्या ओंजळीत.” एरवी हे वाक्य ऐकलं की बहिणीचे डोळे आपोआप खाली जायचे. या वेळी ते कागदावरच होते. तिला लिहायचं होतं आणि लिहिण्यासाठी तिला शब्द शोधावा लागत होता. तिथे ‘मागचे दार’ चालणार नव्हतं. तिथे ‘आई’ असंच लिहायला हवं होतं.

तिनं लिहिलं. ‘मी आईला परत कधीही भेटणार नाही.’

“पाठवणाऱ्यानं एकदा वाचून दाखवायचं,” बाई म्हणाल्या. असा काही नियम नव्हता.

माझ्या बहिणीनं वाचायला सुरुवात केली. पहिली दोन वाक्यं तिनं त्या गोड, सपाट आवाजात वाचली. तिसऱ्याला तिचा आवाज फाटला. तो वडील गेले तेव्हाचा आवाज होता. वर्षभरात मी तो ऐकला नव्हता.

“बरोबर आहे?” बाईंनी विचारलं. “पाठवू?”

आणि त्यानंतर बाई गप्प बसल्या. एरवी त्या कुणालाही दोन क्षण शांत बसू द्यायच्या नाहीत. त्या दिवशी त्यांनी हात मांडीवर ठेवला आणि तिच्याकडे नुसतं बघत राहिल्या. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं, नको पाठवू म्हण. मी ओठ दाबून धरले.

“नको,” बहीण म्हणाली.

सोबतीण म्हणाली, “धूळ बसतेय तुझ्यावर. चल.”

“धूळ नाही,” बहीण म्हणाली, आणि तिचं तिलाच आश्चर्य वाटल्यासारखी थांबली. मग हळू बोलली, पण सगळ्या रांगेला ऐकू गेलं. “मला आईला सोडून जायचं नाही. मला वाटतं, मला कधीच जायचं नव्हतं.”

सोबतीण आणखी काही म्हणाली, तिचं ते वाक्यही ठरलेलंच होतं. ते हवेत राहिलं. शेवटी ती एकटी पायऱ्या उतरून गेली. म्हातारा पुढे सरकत म्हणाला, “आयला सोडून कुटं जाती. बरं झालं. घ्या बाई, माजी लिवून घ्या.” बाईंनी त्याची तार लिहून घेतली आणि त्यातलेही शब्द कापले. बहीण आत येऊन माझ्या स्टुलावर बसून रडली, मीही रडले आणि त्या दिवशी दोन-तीन तारा उशिरा गेल्या.

संध्याकाळी तिनं आईला सगळं सांगितलं, मागचं दार म्हणजे कोण तेही. गुरुवारी मंडळी आली, पाच-सहा जण, पांढरे स्वच्छ कपडे, हातात हार. त्यांनी आईला बोलायला सांगितलं. तालीम तर झालेलीच होती. आई उंबऱ्यावर उभी राहिली आणि म्हणाली, “आनंद हाय. लई आनंद हाय. पोरगी न्हाय यायची. च्या ठेवलाय, तेवडा घ्या आनि जावा.” त्यांच्यातला एक जण ओंजळीचं वाक्य बोलायला लागला तेव्हा बहीण आतून येऊन आईच्या शेजारी उभी राहिली. चहा कुणी घेतला नाही. आम्ही तिघींनीच तो पातेलंभर चहा संपवला, आणि वडील गेल्यानंतर आमच्या घरात पहिल्यांदा मोकळं वाटलं.

इथे गोष्ट संपायला हरकत नव्हती. पण बाईंच्या दृष्टीनं ती संपलेली नव्हती.

कारण बहीण रोज ऑफिसात येऊन बाईंपाशी बसायला लागली. ती पेन्सिल केसांत खोचू लागली. घरी आईनं काही म्हटलं की “साध्या भाषेत सांग” म्हणायची, शेजारणीला “ही सांकेतिक भाषा झाली” म्हणायची, आणि दर दोन वाक्यांमागे “बाई म्हणतात”. मला मजा वाटायची. बाईंना मात्र वाटत नव्हती. एकदा डबा खाताना त्या मला म्हणाल्या, “हिनं नुसती खिडकी बदलली गं. आता माझे नंबर बोलते.” त्या खरंच काळजीत होत्या, डब्यातला लाडू तसाच राहिला होता.

तरीही बाई त्या बाईच. तारखात्याच्या परीक्षेला बहिणीनं बसावं असं त्यांनी परस्पर ठरवून टाकलं, अर्ज आणला आणि सगळ्यांसमोर तिच्यापुढे ठेवला. “इथे सही कर. तुझं भलं होईल.”

बहिणीनं अर्ज वाचला, घडी घातली आणि परत दिला. “बाई, मला तार ऑफिसात यायचं नाही. मला कॉलेज पुरं करायचंय. तुम्ही मला न विचारता हे ठरवलंत, ते मला आवडलं नाही. आणि त्या रविवारी जेवताना माझी चेष्टा केलीत, तीही मला अजून आवडलेली नाही.”

ऑफिसात सगळ्यांचे हात थांबले. बाईंना असं कुणी बोललेलं आमच्यापैकी कुणी ऐकलं नव्हतं. मी बहिणीचा हात धरून तिला मागे ओढणार होते. बाई तिच्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी पर्स उघडली, शिपायाला बोलावलं आणि सांगितलं, “सगळ्यांना भजी आण. गरम आण. आणि वर जिलबी.”

आतून तारमास्तर बाहेर आले. भज्यांचं नाव ऐकून त्यांना वाटलं, कुणाची बढती झाली. “काय हो बाई, काय विशेष?” त्यांनी विचारलं.

बाईंचे डोळे भरून आले होते आणि त्या हसत होत्या. बहिणीकडे बोट दाखवून त्या म्हणाल्या, “साहेब, ही मला नाही म्हणाली.”